निम्मी होडी

आमच्या घरात 'सामाईक' हा शब्द शिवीसारखा वापरतात. सामाईक विहिरीचा गाळ कोणी काढत नाही, सामाईक बांधावरची बाभूळ कोणी तोडत नाही. तोडलीच तर दुसरा लगेच पोलीस पाटलाचं दार वाजवतो. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी वडील आणि धाकटे चुलते, तात्या, यांची वाटणी झाली, तेव्हा शेत, गोठा, भांडीकुंडी सगळं वाटलं गेलं. उरली फायबरची होडी. धरणाचं पाणी चढेल-उतरेल तशी पाण्यात सोडलेली शेतीची मोटर सरकवायला ती दोघांनाही लागायची, म्हणून सामाईक ठेवली. त्याच वाटणीत दोघांचं बोलणं बंद झालं, ते झालंच. समोरासमोर दोन घरं, मधे अंगण, आणि अंगणात पालथी पडलेली होडी.

यंदा मी सासरहून, म्हणजे बारामतीहून, माहेरी आले तेव्हा तिचा निळा रंग पार विटला होता. हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागायची. वडिलांच्या छातीत कळ येऊन गेली होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. आणि आबांच्या डोक्यात काय, तर होडी चकचकीत करायची.

"आत्ताच कशाला, आबा?"

"ती बघून तरी तुझा तात्या कायतरी बोलंल. मी मेल्यावर रडत यील, त्याचा मला काय उपेग?"

"मग तुम्हीच जाऊन बोला की."

"मी थोरला हाय."

इथं आमच्याकडे वाद संपतो.

बरं, चकचकीत करायची ती तरी अख्खी? छे! सपाट तळावर त्यांनी चुन्यात भिजवलेली दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली आणि रेघ उठवली. शेतात थोरल्याची पूर्व, धाकट्याची पश्चिम, तसंच इथं. "आपल्या वाटचीच घासायची. त्याच्या वाटंला हात लावला तर म्हणंल, बांध कोरला."

मला हसूही आलं आणि संतापही. दवाखान्याची पिशवी भरायची सोडून हा माणूस होडीवर बांध घालत बसला होता. माझं आणि डॉक्टरांचंही न ऐकता त्यांनी निम्म्या होडीला खोबरेल चोळलं, बैलाच्या शिंगांना चोळतात तसं. संध्याकाळपर्यंत ती झळाळली आणि सकाळी अंगणातली सगळी धूळ तिच्यावर येऊन बसली. मग मी नवऱ्याकडून मोटारीच्या पॉलिशचं सामान मागवलं. साबणाने तेल काढलं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला, तसं भुकटीचं दूध वाहून गेलं. मग पेस्ट लावून फडक्याने गोल गोल रगडायचं, शेवटी मेण. वडील खाटेवर बसून हुकूम सोडत होते, कारण त्यांना हात हलवायची बंदी होती, तोंड हलवायची नव्हती. हळूहळू निळा रंग वर आला. आणलेल्या दिवशी ती अशीच होती आणि दोघा भावांनी मिळून तिला नारळ फोडला होता.

चुलते रोज दुधाची किटली घेऊन शेजारून जायचे. मान वर नाही. वडील त्यांच्या पाठीकडे बघत राहायचे आणि मग उगाच माझ्यावर खेकसायचे. ऑपरेशनसाठी निघायचा दिवस उद्यावर आला, तशी मी आशाच सोडली.

त्या सकाळी चुलते थांबले. किटली खाली ठेवली, वाकून रेघेवर बोटं टेकवली.

"रेघ वाकडी हाय. माझ्यात चार बोटं घुसलायस."

वडील खाटेवरून ताडकन उठले. "घुसलो न्हाय. दोरी धरून मारलीया."

"मग आण दोरी."

मी धावत दोरी आणली. एक टोक वडिलांच्या हातात, दुसरं चुलत्यांच्या. वाऱ्याने दोरी हलत होती आणि दोघं एकमेकांवर ओरडत होते. डॉक्टरांनी संतापायलाही मनाई केली होती. मी अडवलं नाही. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

दम लागून वडील खाटेवर टेकले, तशी चुलत्यांनी दोरी खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या दवाखान्यात संगं कोण हाय?"

"ही हाय की," वडील म्हणाले.

"हिला बांधाचं काय कळतंय? मी येतो. ह्या चार बोटांचा निकाल लागल्याबिगर तुला कुठं जाऊ देत न्हाय, दादा."