शब्द मागे घेईपर्यंत

आधीच सांगते, या सदरातले भुताटकीचे अनुभव मी झोप येत नाही म्हणून वाचते. विश्वास बसतो म्हणून नाही. मी नर्स आहे, हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळते. रिकाम्या खोलीतली बेल वाजली तर मी इलेक्ट्रिशियनला फोन करते. तेव्हा हे मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच आहे.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला राहतो. माझा नवरा मिलिंद आणि शिरीष भाऊजी यांची मैत्री इथे आल्यापासूनची. भाऊजी फार्मसिस्ट. इथल्या मराठी मंडळाच्या बॅडमिंटन स्पर्धेत फायनलला हे दोघे समोरासमोर आले आणि शेवटचं शटल रेषेवर पडलं. मिलिंद म्हणाला, आत. भाऊजी म्हणाले, बाहेर. आणि मग अख्ख्या हॉलसमोर म्हणाले, "खोटं बोलतोस तू."

झालं... अबोला. मिलिंदचं म्हणणं, चारचौघांत बोललास ना, मग शब्द मागे घे. भाऊजींचं म्हणणं, खरं बोललो, मागे काय घ्यायचं?

निरोप मात्र चालू होते, माझ्यातर्फे आणि भाऊजींच्या बायकोतर्फे, म्हणजे मेघनातर्फे. एकाच टेबलावर बसून मिलिंद म्हणायचा, "वृंदा, त्याला सांग, पार्किंग कमी पडेल." पलीकडून भाऊजी, "मेघना, त्याला विचार, मग कारपूल करायला काय होतं?" आम्ही दोघी निरोप पोचवल्याचं नाटक करायचो. सवय झाली होती.

मंडळाच्या पिकनिक कमिटीवर आम्ही चौघंही. मार्चमधल्या एका शनिवारी एक फार्म बघायला जायचं ठरलं — रिमुताकाचा घाट ओलांडून, वायरारापात. दोन गाड्या नेणं मला पटेना, म्हणून सगळ्यांना आमच्याकडेच बोलावलं आणि पोहे केले. मिलिंद दिसला आणि भाऊजी दारातच थांबले.

"वहिनी, राग मानू नका. या घरात आत्ता खाणार नाही."

मी वाद घातला नाही. पोहे डब्यात भरले आणि डबा डिकीत ठेवला. त्यांना डायबेटिस आहे हे मला माहीत होतं. आमच्याकडे नाश्ता असतोच, म्हणून ते घरूनच इन्सुलिन टोचून निघाले होते, हे मला माहीत नव्हतं.

फार्मची मालकीण जूडिथ, पायात गमबूट, बोलायला मोकळी. "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून तिनं आम्हाला टॉयलेट, नळ, सावलीची जागा दाखवली. मी माझ्या यादीवर खुणा करत होते. मग तिनं खालच्या खोलगट कुरणाकडे बोट केलं. खेळायला तिथे सपाट जागा आहे म्हणाली. मेंढ्या मात्र तिथे मधून जात नाहीत, कडेकडेनं जातात.

"फार पूर्वी दोन जंटलमन तिथे द्वंद्व लढले होते. एकानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं होतं. पिस्तुलं, पाठीला पाठ लावून पावलं मोजणं, सगळं रीतसर. दोघांचा एकेक सेकंड, म्हणजे त्याच्या वतीनं बोलणारा माणूस, बरोबर. सेकंडचं पहिलं काम, दोघांत समेट होतो का बघणं."

"मग? कोण मेलं?" मेघनानं विचारलं.

"कुणीच नाही. दोघांचाही नेम चुकला. शब्द काही कुणी मागे घेतला नाही."

मिलिंद मला म्हणाला, "त्याला सांग, इथे बॅडमिंटनचं नेट लावू या."

"मेघना," भाऊजी म्हणाले, "त्याला सांग, रेषा आधी नीट आखून घे."

जूडिथ घरी परतली. आम्ही गाडी फाटकाबाहेर ठेवली आणि खाली उतरलो. स्वच्छ ऊन होतं, म्हणून भाऊजींनी जाकीट गाडीतच काढून ठेवलं. साखर उतरली तर म्हणून खिशात ठेवलेल्या जेलीबीन्सच्या गोळ्यांसकट.

कुरणात बघण्यासारखं काही नव्हतं. गवत, मध्ये ताडासारखं एक झाड, इथलं कॅबेज ट्री, सगळीकडून तारेचं कुंपण, आणि चढावर आमचं फाटक. फाटकामागे आमची पांढरी गाडी. मी खुणा केल्या आणि म्हटलं, चला.

चढ चढलो. फाटक समोर होतं, मी त्याच्याकडेच बघत चालले होते. मेघनानं काहीतरी विचारलं म्हणून मान वळवली, आणि पुन्हा समोर पाहिलं तर कॅबेज ट्री. आम्ही चढ उतरत होतो.

"वळलो कधी आपण?" मेघना म्हणाली.

पुन्हा निघालो. या वेळी मी बोलले नाही, मान हलवली नाही. मध्येच पायांखालच्या चढाचा उतार झाला, एवढंच कळलं... आणि समोर झाड. मग कुंपणाला हात लावून कडेकडेनं गेलो. तार हातातून सुटली नाही, तरी शेवटी झाडापाशीच. फोनला रेंज नव्हती. हाका मारल्या, आवाज खालीच विरला. गाडी तर दिसत होती. तिच्या काचेवर ऊन चमकत होतं.

"वृंदा, त्याला सांग, रस्ता त्यानंच चुकवला," मिलिंद म्हणाला.

मी भाऊजींकडे पाहिलं. वॉर्डात मी हे रोज बघते — कपाळावर घाम, ओठ पांढरे, बोटं थरथरत होती.

"भाऊजी, सकाळी काय खाल्लंत?"

"तुमच्याकडे... पोहे होते ना," ते म्हणाले आणि उगाचच हसले. जीभ जड झाली होती.

मेघनाचा चेहरा उतरला. "इन्सुलिन घेतलंय त्यांनी, वृंदाताई."

त्यांच्या पोटात साखर जायलाच हवी होती, आणि साखर फाटकापलीकडे होती. मी एकटी पळत सुटले. झाड. मेघना दुसऱ्या बाजूनं पळाली, आणि समोरून माझ्याकडेच धावत आली. मग माझ्या लक्षात आलं, प्रत्येक वेळी परत आलो की दोघे पुरुष त्याच जागी असायचे. झाडाच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून. बोलत नव्हते म्हणून तसे उभे राहतात, असं मी धरून चालले होते. आणि आम्ही दोघी बाजूला, मधोमध, सेकंडांच्या जागी.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी अगदी अदबीनं विचारलं, "विल युअर जंटलमन ॲक्सेप्ट लेस, मॅडम?"

तुमचे गृहस्थ थोडक्यावर, पूर्ण माफीशिवाय, मानतील का... पुरुषाचा आवाज. जूडिथनं कुणाला पाठवलं असेल म्हणून, मागे न बघताच मी म्हटलं, "नो, ही वोन्ट." मग वळले. गवत.

मेघना माझ्याकडे बघत होती. "तुम्हालाही विचारलं?" ती कुजबुजली. "मला विचारलं, तुमचे गृहस्थ शब्द मागे घेतील का. मी नाही म्हणाले."

भाऊजी गुडघ्यांवर बसले.

मी मिलिंदचा दंड धरला. "वळ. बोल त्याच्याशी."

"त्यानं आधी—"

"त्याला बोलता येत नाहीये. हा माणूस बेशुद्ध पडेल, मिलिंद, आणि मला इथे काहीही करता येणार नाही. आता मी निरोप नेणार नाही. तुझं तू बोल."

मिलिंद वळला. भाऊजींना पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. खाली बसून त्यानं त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"शिऱ्या, शटल बाहेर होतं. मला दिसलं होतं. ऐकतोयस ना? बाहेर होतं."

बाकी काही झालं नाही. वारा नाही, आवाज नाही. मी चढाकडे पळाले आणि फाटकाची कडी हाताला लागली. गार होती. जाकीट घेऊन खाली आले. आम्ही दोन-दोन जेलीबीन्स त्यांच्या तोंडात घालत राहिलो, आणि थोड्या वेळानं ते "पुरे गं" म्हणाले, तेव्हा मेघना रडायला लागली. मग डिकीच्या कडेला बसून त्यांनी आमच्या घरचे गार पोहे डबा निपटून खाल्ले. "मीठ कमी आहे," ते मिलिंदला म्हणाले. थेट मिलिंदला.

पिकनिक आम्ही दुसरीकडे केली. जूडिथला कळवलं, जागा छान आहे पण आम्हाला जमणार नाही. तिनं का म्हणून विचारलं नाही.

साखर उतरल्यावर दिशा चुकते, भास होतात, मला माहीत आहे. पण साखर एकाची उतरली होती, वाट चौघांची चुकली. आणि दुसरी गोष्ट मला जास्त छळते. भाऊजी ठामपणे सांगतात की मिलिंद काहीच बोलला नाही. आपणच "शब्द मागे घेतो" म्हटलं आणि मग फाटक सापडलं, असं त्यांचं म्हणणं. मेघनानं ते स्पष्ट ऐकलंय. मिलिंदचं बोलणं तिला ऐकूच आलं नाही. आणि मी भाऊजींच्या समोर होते, त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

शटल खरंच बाहेर होतं का, हे मी मिलिंदला एकदाच विचारलं. "आता ते मागे घेता येणार नाही," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

दोघे दर रविवारी खेळतात. माघार आधी कुणी घेतली यावर आता वाद असतो. आवाज चढला की मी आणि मेघना उठून स्वयंपाकघरात जातो. दोघांच्या मधोमध आम्ही आता उभ्या राहत नाही.