शनिवारचा माणूस

मागच्या महिन्यात लिआवहिनींचं हवाई पत्र आलं. एझ्रा गेला, हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पनवेलच्या पोस्टात कारकून असलेला, दहा वर्षांपूर्वी बायकोला घेऊन इस्रायलला गेलेला माझा मित्र. मला रडू आलं नाही, राग आला. आधी त्याचा, मग माझा. आणि माझा अजून उतरलेला नाही.

त्या काळी कारणाशिवाय धावणारा माणूस पनवेलकरांनी पाहिला नव्हता. एझ्रा खाकी हाफपँट आणि कॅनव्हासचे बूट घालून पहाटे निघायचा, बरोबर राणी आणि टिप्या ही त्याची दोन गावठी कुत्री. मी शाळामास्तर, आधी गंमत म्हणून गेलो आणि अडकलो. मिठागरांच्या बांधावर पोचलो की राणी सुसाट सुटायची, थोडं पुढं जाऊन थांबायची, आणि आम्ही येतोय ना हे वळून बघायची. टिप्या चिखलात लोळून थेट आमच्या अंगावर यायचा. एझ्रा धावता धावता मोठ्यानं हसायचा, धाप लागली तरी हसायचा. इतका निव्वळ आनंद मला पुन्हा कशातच मिळाला नाही. मीठ ओढणारी एक बाई रोज विचारायची, "अवो, कुत्री तुमच्या मागं हायत का तुमी कुत्र्यांच्या?"

"ते अजून ठरायचं हाय, बाय," एझ्रा म्हणायचा.

शनिवार मात्र त्याचा शब्बाथ. त्या दिवशी त्याच्या घरी चूलही पेटत नसे, धावणं तर लांबच. "देवानं मला सुट्टी दिली, यांना नाही," म्हणत त्यानं शनिवार माझ्याकडे सोपवला. काही महिन्यांत कुत्र्यांना वार कळायला लागले. शनिवारी दोघं आपणहून माझ्या दारात येऊन बसत, एरवी त्याच्या.

मग त्याचं जायचं ठरलं. बोटीवर कुत्री नेता येणार नव्हती. निघताना त्यानं एवढंच विचारलं, "रोज नेशील ना?"

"नेईन," मी म्हणालो.

तो गेल्यावर कुत्री माझ्याकडे शनिवारी आली... आणि बाकी सहा दिवस त्याच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर बसून राहिली. मला तो चक्क अपमान वाटला. खायला मी घालायचो आणि वाट त्याची? मी त्यांना अंगणात बांधून टाकलं. महिनाभर एकटा धावलो. पोरं शाळेच्या फाटकाशी हसायला लागली, तेव्हा तेही सोडलं. एका मंगळवारी राणीनं दोरी चावून तोडली आणि त्याच्या घराकडे निघाली. पुण्याचा रस्ता ओलांडताना ती ट्रकखाली सापडली. त्यानंतर टिप्याला मी बांधलं नाही. तो त्या ओट्यावरून उठेचना. दिवाळीच्या आत तोही संपला.

एझ्राच्या प्रत्येक पत्रात शेवटी एकच प्रश्न असायचा: धावता ना? मी लिहायचो, रोज धावतो. राणी हल्ली जरा जाडावली आहे, टिप्या तसाच वांड. दहा वर्षं मी हे लिहीत राहिलो. त्यानं तरी दोन जिवांना असं टाकून का जावं, असं मनात म्हणत राहिलो, म्हणजे मला जरा बरं वाटे.

लिआवहिनींनी लिहिलंय, "इकडे ते कारखान्यात उभ्यानं काम करत, पाय सुजत. धावणं कधीच झालं नाही. तुमचं पत्र दोनदा वाचत. शेवटच्या आजारात म्हणाले, कुत्री एवढी जगत नाहीत, मास्तर खोटं लिहितो. पण त्याला थांबायला सांगू नकोस. भाऊजी, आता मला तरी खरं कळवा. कुत्र्यांचं काय झालं?"

महिना होत आला. चार कागद फाडले. काल पुन्हा लिहायला बसलो, मायना घातला, आणि पुढची ओळ नेहमीच्याच सफाईनं उमटली: दोघं मजेत आहेत, आत्ताच बांधावरून धावून आलो.