देऊळघाटच्या वावरातला डेमो

परवा शबानाच्या गावी, देऊळघाटला गेले होते... रील काढायला! पांढराशुभ्र कापूस, हिरवी साडी आणि हातात आमच्या कंपनीचा हँडवॉश. सकाळपासून नटूनथटून तयार होते.

शबाना म्हणजे माझी मैत्रीण आणि माझ्या टीमची पहिली मेंबर. नेटवर्क मार्केटिंगमध्ये तिला मीच ओढलं. पण ऑर्डरच येईनात, म्हणून तिच्या नवऱ्याने मलकापूरला एका कापडाच्या दुकानात तिच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता... ती गेली की टीम कसली आणि मी एकटी काय करणार? 

आमच्या रील्सना व्ह्यूज पुण्या-नाशिकचे. कमेंटमध्ये हात जोडलेले, ऑर्डर शून्य. इकडे बीटी कापूस लावूनही बोंडअळीने सगळ्यांचे हाल केलेले... मोबाईलमध्ये मी छान दिसते म्हणून आमच्या मोताळ्यात कोण घरातला साबण बदलणार?

शबानाच्या शेजारी गंगाकाकू राहतात, त्यांच्याच वावरात कापसाची वेचणी सुरू होती. आम्ही थेट बायांच्या मधोमध मोबाईल लावला. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वावरात आल्या नं? मंग पात धरा. नाही तं बांधावर व्हा, बाया खोळंबून राह्यल्या."

आमच्याकडे वेचणीत रिकाम्या हाताने उभं राहायची पद्धतच नाही. आपल्या वाटणीच्या ओळी, म्हणजे पात, धरायची आणि कामाला लागायचं. मुकाट्याने मोबाईल पर्समध्ये टाकला, कमरेला फडकं बांधलं... हिरव्या साडीचं काय झालं ते विचारू नका.

बोंडांची वाळलेली टोकं बोटांत घुसत होती. बाया बोलत होत्या आणि मी चक्क ऐकत होते! आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच तर सगळ्यात आधी शिकवतात, पण कॅमेऱ्यासमोर फक्त आपणच बोलायचं असतं ना...

काकू म्हणाल्या, "हाताचा फवाऱ्याच्या औषधाचा वास जातच नाही वं. भाकर खाऊशीच वाटत नाही."

दुपारी निंबाखाली जेवायला बसलो. मी कंपनीची माहिती सुरू करणार, तेवढ्यात शबानाने मला चिमटा काढला. तिने सरळ काकूंच्या तळव्यावर हँडवॉश ओतला आणि कॅनमधलं पाणी घातलं.

काकूंनी हात हुंगले. एक घास खाल्ला. मग मोठ्याने हसल्या, "अवं, भाकरीले भाकरीचा वास येऊन राह्यला!"

झालं... सगळ्या बायांनी हात पुढे केले. आणलेल्या बाटल्या तिथेच विकल्या गेल्या! वर काकू म्हणाल्या, "मोताळ्याले माही बहीण हाये. तिच्याइकडे जा, माह्यं नाव सांगा."

मग मात्र काकूंना विचारून रील काढली. नटलेली मी त्यात नाहीच, नुसते ओले हात आणि बायांचं हसणं. संध्याकाळी टाकली आणि पहिल्यांदाच कमेंट आपल्या गावांतून आल्या... "ह्या तं आपल्या गंगाकाकू!" प्रत्येकीला नुसता अंगठ्याचा इमोजी न पाठवता आम्ही फोन केला.

काल काकूंच्या बहिणीकडे गेलो. तिने शेजारणी गोळा करूनच ठेवल्या होत्या. शबाना अशी काही बोलली की मी बघतच राहिले! चहा पिता पिता तिने नवऱ्याला फोन लावला.

"सुनो, दुकानवाले को ना बोल दो... मेरा काम यहीं है."

मी भर अंगणात टाळ्या वाजवल्या. अहो, जिंकलो आम्ही!

रील आम्ही काढणारच, हौस आहे आणि उपयोगही आहे. पण माणसाजवळ बसल्याशिवाय आता कॅमेरा चालू होणार नाही. गंगाकाकू, तुमच्यामुळे माझी शबाना माझ्याजवळ राहिली... किती आभार मानू?