एक कुठे गेला?

“एक कुठे गेला?”

असं विचारून काकू पेन्सिलीची मागची बाजू कागदावर दोनदा आपटायच्या आणि खुर्चीतून उठायच्या. एकदा उठल्या की बसणं नाही. आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात खिडकीपासून पाण्याच्या माठापर्यंत अकरा पावलं होती. त्या तेवढ्या जागेत येरझारा घालत राहायच्या, आणि तक्त्यातला हरवलेला एक सापडेपर्यंत आम्हालाही स्वस्थ बसू द्यायच्या नाहीत.

हा हरवलेला एक म्हणजे पेशंट. डॉक्टरांचे शोधनिबंध छापायला जाण्याआधी त्यांचं इंग्रजी नीट करणं, तक्ते आखणं, संदर्भ लावणं हा आमचा धंदा. ऑफिस नाशिकला, गंगापूर रोडवर, औषधाच्या दुकानाच्या वर. आलेख माझ्याकडे, आकड्यांची तपासणी काकूंकडे. एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात तीस वर्षं फाइली सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरी बसून भिंती अंगावर येतात म्हणून आमच्याकडे आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या काकू झाल्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना बेरीज जुळल्याशिवाय जेवण जात नाही. एकदा आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. परतताना दोन रिक्षांत कोंबून बसलो, रिक्षा सुरू झाल्या, आणि मागून काकूंचा आवाज आला, “अरे थांबा, एक कुठे गेला?” आमचे मालक हात धुवायला गेले होते आणि आम्ही त्यांना तिथेच सोडून निघालो होतो. तेव्हापासून मालक काकूंना कधी उलट बोलले नाहीत.

एके वर्षी हृदयविकाराच्या एका डॉक्टरांनी मोठं काम दिलं. हृदय आणि फुप्फुसं बदलण्याच्या शस्त्रक्रियांवर जगात आजवर काय काय छापून आलं, कोणत्या देशातून आलं, कोणत्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, हे गोळा करून संशोधन कुठल्या दिशेला चाललंय ते दाखवायचं. माझी तर चंगळच झाली. मी रंगीत गोळे काढले, गोळ्यांना जोडणाऱ्या रेघा काढल्या. ज्या निबंधाचा संदर्भ जास्त, त्याचा गोळा मोठा.

काकू चष्मा कपाळावर चढवून पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

“हा एवढा भोपळा कसला?”

“सगळ्यात गाजलेला पेपर आहे काकू. त्याचा इम्पॅक्ट मोठा.”

“इम्पॅक्ट म्हणजे कुणावर?”

“बाकीच्या पेपरांवर.”

“आणि पेशंटवर?”

त्याचा आकडा मिळत नाही, असं मी म्हटलं. काकूंची अकरा पावलं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या छापलेल्या यादीला पेन्सिलीने आखलेला एक नवा रकाना चिकटला होता. वर लिहिलं होतं, ‘हरवलेले’. प्रत्येक निबंध उघडून काकू शेवटचे तक्ते काढायच्या. किती जणांना अवयव बसवला, किती हयात, किती वारले, आणि किती जणांचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. या शेवटच्यांसाठी डॉक्टरांकडे एक सभ्य वाक्य असतं, संपर्क तुटला. आधीचे लोक अवयव कसा बसवला ते लिहीत होते, नंतरचे तो किती टिकला ते, आणि आता तर अवयव शरीराबाहेर यंत्रावर कसा ताजा ठेवायचा यावर सगळ्यांचा भर होता. काकूंची कुरकुर एकच होती. माणूस घरी गेल्यावर दहा वर्षं त्याच्या मागे राहून लिहिणारे थोडे, आणि त्यांचे गोळे माझ्या आलेखात मटाराएवढे. मला काकूंचा राग यायचा, हे इथे कबूल करून टाकतो. माझं चित्र इतकं देखणं झालं होतं, आणि या बाई त्यात खोट काढत होत्या.

मग त्याच डॉक्टरांचा स्वतःचा निबंध आला. मुंबईला नाहीतर चेन्नईला हृदय किंवा फुप्फुस बदलून आलेले, पण राहायला आपल्या जिल्ह्यात असलेले पेशंट त्यांच्याकडे तपासणीला येत. असे एकोणीस जण. मासिकाने निबंध जवळजवळ स्वीकारला होता, किरकोळ दुरुस्त्या करून शुक्रवारपर्यंत परत पाठवायचा होता. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती आणि त्यांना हा निबंध हातात हवा होता.

मंगळवारी काकूंनी बेरीज केली.

“हयात आणि मृत मिळून अठरा. वर लिहिलेत एकोणीस. एक कुठे गेला?”

डॉक्टर फोनवर होते. “त्याचा संपर्क तुटलाय काकू. दोन वर्षं आला नाही. खाली तळटीप टाका, चालतं.”

“फोन केला होता?”

“मी केला,” मी म्हणालो. “बंद येतोय.”

“किती वेळा लावलास?”

“दोनदा.”

“दोनदा फोन लागला नाही म्हणून माणूस संपत नाही रे.”

“काकू, अहो, तो गेला असेल,” डॉक्टर म्हणाले.

“असेल तर तारीख सांगा, लिहिते.”

 मग डॉक्टर म्हणाले, “शुक्रवार चुकला तर मला या पेपराशिवाय मुलाखतीला जावं लागेल. लक्षात ठेवा.” काकूंनी गुरुवार संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

काकू स्वतःच त्याला शोधायला निघाल्या, आणि एकट्या कुठे भटकतील म्हणून मालकांनी मला सोबत धाडलं. बुधवारी आम्ही एसटीने घोटीला गेलो. फाइलमधला पत्ता भाताच्या गिरणीचा होता. गिरणीत कोंड्याची धूळ इतकी की समोरचा माणूस दिसेना. एका म्हाताऱ्या कामगाराने नाव ऐकून मान हलवली.

“तो व्हय? लय दिस झाले. हार्टचं आपरेशन झालं, मंग डाक्टर बोलले धुळीत काम नाय करायचं. बायकोच्या माहेरी गेला पिंपळगावला. मेव्हण्याचं द्राक्षाचं काम हाय तिकडं.”

परतीच्या गाडीत काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडवत होत्या. मी वैतागून म्हणालो, “काकू, एका माणसासाठी एवढं? त्या डॉक्टरांची प्राध्यापकाची जागा जाईल तुमच्यामुळे.”

त्या खिडकीबाहेर बघत बोलायला लागल्या. “रेकॉर्डला असताना तपासणीला न आलेल्या पेशंटना मी कार्डं पाठवायची. दोन कार्डांना उत्तर आलं नाही की फाइलवर शिक्का मारायचा, संपर्क नाही. एका मुलीची फाइल मी अशीच बंद केली. हृदयाची झडप बदललेली होती तिची, रोज गोळी लागायची. वर्षाने कपाट हलवलं तर दोन्ही कार्डं माझ्याच रजिस्टरच्या कव्हरात सापडली. टपालात टाकलीच नव्हती मी.”

“मग?”

“मग तिसरं टाकलं. स्वतः पेटीत टाकून आले. आठ दिवसांनी तिची आई आली. एकटीच आली.”

नाशिकला उतरल्यावर पिंपळगावची पहिली गाडी किती वाजता, ते मी चौकशीच्या खिडकीवर विचारून आलो.

गुरुवारी पिंपळगाव बसवंत गाठलं. द्राक्षांचा ऐन हंगाम. हायवेला टेम्पोंची रांग लागलेली, पॅकहाऊसमध्ये डोक्याला टोप्या घातलेल्या बाया घड कापून पेट्या भरत होत्या. तिसऱ्या पॅकहाऊसमध्ये काट्यावर पेट्यांचं वजन करणारा एक सडपातळ माणूस होता. काकूंनी त्याच्याजवळ जाऊन हळूच नाव विचारलं. त्याचा चेहरा उतरला. तो आम्हाला क्रेटच्या थप्पीमागे घेऊन गेला.

“ताई, हळू बोला. इथं मेव्हण्याशिवाय कुणाला ठावं नाय. पोरीचं जमतंय. पाव्हणे म्हणतील, बापाच्या छातीत दुसऱ्याचं काळीज हाय. म्हणून तर नंबर बदलला.”

“तुमचं नाव कुठे येणार नाही,” काकू म्हणाल्या. “कागदावर तुम्ही नुसता एक आकडा. गोळ्या चालू आहेत ना?”

“हायेत की. अर्ध्या घेतो. मेव्हणा बोलला, बरं वाटतंय तर कशाला एवढ्या, उष्णता वाढती.”

काकू खाली बसल्या. काम चालू असताना त्यांना असं मटकन बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. एका पालथ्या क्रेटवर बसून त्यांनी त्याला पँट वर करायला लावली आणि पेन्सिलीच्या मागच्या बाजूने त्याची नडगी दाबली. पेन्सिल काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. तीस वर्षं फाइलींसोबत काढली तरी त्यांना तेवढं कळत होतं.

त्यांनी माझ्याकडून फोन घेऊन डॉक्टरांना लावला. “तुमचा एकोणिसावा सापडला. पाय सुजलेत, गोळ्या अर्ध्या केल्यात. घेऊन येते. पेपराचं मागून बघू.”

डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला, “लगेच.”

मग काकूंनी त्या माणसाचा मोबाइल मागितला. माझ्याकडून त्यात गजर लावून घेतला, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. “हा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि डॉक्टर सांगतील तेवढी गोळी घ्यायची. पूर्ण. पोरीचं लग्न ठरलं तरी आणि मोडलं तरी.”

गोळ्या अर्ध्या केल्यामुळे त्याचं शरीर नवं हृदय नाकारायला लागलं होतं. त्याला मुंबईला हलवावं लागलं, तीन आठवडे ठेवून घेतलं, आणि तो वाचला. त्या धावपळीत शुक्रवार कधी गेला ते डॉक्टरांनाही कळलं नाही. मुलाखत निबंधाशिवाय झाली आणि जागा दुसऱ्याला मिळाली. पुढचे दोन महिने डॉक्टर काकूंशी बोलत नव्हते. नंतर एक दिवस स्वतःच जिने चढून वर आले आणि काकूंसमोर पेढ्यांचा पुडा ठेवला. कशाचे पेढे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

निबंध पुढे छापून आला. तळटीप नव्हती. जगभरातून आजवर तिघांनी त्याचा संदर्भ दिला आहे, आणि त्यातले एक आमचे आम्हीच. माझ्या आलेखात त्याचा गोळा मोहरीएवढाही येत नाही. आभाराच्या यादीत काकूंचं नाव राहून गेलं होतं. मी ते दाखवलं तर त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. तक्ता काढला, बेरीज केली, ती एकोणीस आली, आणि कागद मला परत दिला.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी काकू म्हणाल्या, “गुडघे बोलायला लागलेत रे. महिनाभर येत नाही.” महिन्याचे दोन झाले. मी फोन केला, बंद होता. काही दिवसांनी परत केला. लेकीकडे गेल्या असतील, येतील, असं मनाशी म्हटलं आणि कामाला लागलो. काम पुष्कळ होतं. त्यांच्या खुर्चीवर संदर्भांच्या फाइली साचत गेल्या.

या फेब्रुवारीत तो पिंपळगावचा माणूस ऑफिसात आला. हातात द्राक्षांची पेटी, अंगाने भरलेला, जिने चढूनही दम लागलेला नव्हता. पोरीचं लग्न झालं होतं, सासरच्यांना सगळं सांगून झालं होतं.

“ताई कुठंयत? तुमच्या काकू?”

“येत नाहीत आता. फोन लागत नाही त्यांचा.”

“किती वेळा लावला?”

त्याने अगदी साधेपणाने विचारलं. काकूंचं माझं काय बोलणं झालं होतं ते त्याला कुठून ठाऊक असणार?  मी म्हणालो, “दोनदा.”

त्याच्याच मोटरसायकलवर आम्ही पंचवटीत काकूंच्या घरी गेलो. पेटी मी मांडीवर धरली होती. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई बाहेर आल्या.

“तुम्हाला कळलं नाही का? श्रावणातच वारल्या त्या. सटाण्याला, लेकीकडे. पडल्याचं निमित्त झालं, महिनाभर अंथरुणात होत्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही ऑफिसातले ना? रोज विचारायच्या म्हणे लेकीला, ऑफिसातून कुणाचा फोन आला का म्हणून. त्यांचा मोबाइल पडला तेव्हाच फुटला होता. लेकीचा नंबर माझ्याकडे होता की. कुणी मागायलाच आलं नाही.”

घरापासून ऑफिस वीस मिनिटांवर आहे. घोटीला जाऊन आलो होतो मी, पिंपळगावात तीन पॅकहाऊस पालथी घातली होती, आणि या वीस मिनिटांसाठी मला सात महिने वेळ झाला नाही. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

तो माणूस पायरीवर बसला. पेटी त्याने कुलपाखाली, उंबऱ्याशी टेकवून ठेवली.  तेवढ्यात त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. सात वाजले होते.

त्याने डोळे पुसले. शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, शेजारच्या बाईंकडे पाणी मागितलं. गोळी तळहातावर घेऊन एकदा नीट पाहिली आणि गिळली.

“पूर्ण घेतली, ताई,” तो बंद दाराला म्हणाला.