ओल काढलेल्या भाकरी

मंठ्यातल्या सासरी मी टिकले ती शेजारच्या केसरबाईंमुळं. हे आधी लिहिते, घडलेलं मागून.

केसरबाई मारवाडी जैन. तीन पिढ्या इथंच गेलेल्या. शिळं खायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून चूल पेटवण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायच्या, "किती खाणार? आत्ताच बराबर सांग. मंग ताटात ठेवून उठलास तर चालायचं न्हाई." संध्याकाळी त्यांच्या टोपल्यात तुकडा सापडत नसे.

माझं उलट. बाप मुंबईला गिरणीत. तिसरीतून शाळा सुटली आणि लग्न होऊन मी इतक्या लांब आले. अंदाज कशाचाच नाही. दोनदा वरण आंबलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सरकारी लेव्हीत ज्वारी गेली, हाय ती पुरवून राह्यलो आम्ही. अजून एकदा नासलं तर तुझ्या बापाला बोलावते, घेऊन जा म्हणते."

एकदा सासूबाई लेकीकडं गेल्या होत्या, दुपारी परतणार होत्या. औतावरच्या आठ गड्यांसाठी मी पहाटेपासून भाकरी थापल्या. ऊन चढलं तरी न्यायला कोणी येईना. केसरबाई डोकावल्या, टोपलं बघून कपाळाला हात लावला.

"अगं, आज अमावास्या! बैल सुट्टीवर, गडी सुट्टीवर, अन् तू एकटीच कामाला?"

अमावास्येला औत धरत नाहीत, हे गिरणीवाल्याच्या लेकीला कुठून ठाऊक? मला रडू फुटलं.

"रडू नको, भाकरीत आधीच ओल लई हाय. ओल म्हणजे चोर. तिला घराबाहेर काढ, मंग माल बिलकुल आपला. चल, जल्दी!"

जाड भाकरी त्यांनी रात्रीच्या ताकातल्या काल्यासाठी काढून ठेवल्या. पातळ भाकरी मंद विस्तवावर, फडक्याच्या गादीनं दाबत, कडकड वाजेपर्यंत भाजायला लावल्या. शेवटची तव्यावर असतानाच सासूबाई दारात.

"हे काय मांडलंय?"

"महिनाभर टिकंल असं," केसरबाई म्हणाल्या. "तुमच्या सुनेनं केलंय. मी फक्त फडकं दिलं."

सासूबाईंनी एक तुकडा मोडला, चावला. माझ्या बापाचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

यंदा लुटालुटीच्या धामधुमीत केसरबाईंचं सगळं बिऱ्हाड संस्थानच्या सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेलं. पोचल्याचं पत्र अजून नाही. रोज दाराकडं बघते. फडक्याची ती गादी माझ्याकडंच राहिली आहे. रस्ते मोकळे झाले की ती घेऊन मी जाणार. आधी विचारीन, "केसरबाई, किती खाणार?" आणि तेवढ्याच भाकरी, तव्यावरून गरम, त्यांच्या ताटात वाढीन.