ठोकून घेतलेली सायकल

आमच्या लोहारशाळेच्या कोपऱ्यात मोडक्या लोखंडाचा ढीग असतो. मुद्दाम कोणी करत नाही, होतो. किश्श्यांचंही तसंच. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी कर्जत स्टेशनाजवळच्या या भात्यावर कामाला आलो. लाजरा असल्यामुळे बोललो कमी, ऐकलं फार. त्यातले रामामामांचे हे काही.

*

मामा रेल्वेत चाकं ठोकायचे. घाट चढण्याआधी गाडी कर्जतला थांबली की लांब दांड्याच्या हातोडीनं एकेक चाक वाजवत जायचे. चाक धड असेल तर टणटण वाजतं, तडा असेल तर थप्प. नोकरी संपली, पण हातोडी सुटली नाही. रोज आमच्याकडे येऊन बसत, आणि जुनं लोखंड घेणारा आधी त्यांना विचारी.

एकदा मामींनी बाजारातून घागर आणली. मामांनी घरीच ठोकून पाहिली. "खणखणीत हाय," म्हणाले. मामींनी भरली, तर चुलीपर्यंत ओहोळ. दुसऱ्या दिवशी त्या भात्यावर येऊन आम्हा सगळ्यांना म्हणाल्या, "यांनी ठोकलेल्या गाड्या पुन्याला पोचल्या कशा, देव जाने."

*

गोविंदरावांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ते खालापूर भागात गावोगाव देवीची लस टोचायचे. बांधावरून पडून पाय मोडला आणि तिरका जुळला. वरच्यांनी बजावलं, पावसाआधी सगळी गावं झाली नाहीत तर तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. घरी तीन मुली. पायी चालवत नव्हतं, पण स्टेशनातल्या एका साहेबाची सायकल त्यांना चालवता आली होती. नवी परवडणार नव्हती. जुनी घ्यायची, आणि जुनी म्हटली की गंज आला. म्हणून त्यांनी मामांना आणि मला बरोबर घेतलं.

*

कर्जतच्या एका दुकानदाराकडे एक होती, काळ्या रंगात चकचकीत. गोविंदराव हरखले. मामांनी सांगाडा वरून खाली ठोकत नेला. वर टणटण, पायडलांपाशी थप्प. मामांनी नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसनुसं झालं.

"आतून गेलीय," मामा म्हणाले.

"अवो, नवा रंग हाय," दुकानदार म्हणाला.

"नवा रंग जुन्यालाच लावत्यात."

मी कानशीनं जरा खरवडलं. रंगाबरोबर लोखंडाचा पापुद्रा सुटला आणि त्यामागे बोटभर भोक.

दुकानदार म्हणाला, "त्ये पानी जायला ठेवलंय."

*

दुसरी खालापूरच्या तात्या खोतांकडे, भाताच्या कोठीत टांगलेली. सीट नव्हती, तिच्या जागी उघडी नळी. सगळी सायकल विटेसारखी लाल. गोविंदराव हात लावेनात. मी विटेची पूड आणि घासलेट घेऊन दांडी घासली, तर खालून स्वच्छ पोलाद निघालं. गंज वरवरचाच होता. मामा ठोकत गेले. सगळीकडे टणटण, पण सीटच्या नळीपाशी थप्प. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"नगं. आतून गेलीय."

गोविंदराव पायरीवर बसले, पाय चोळत. "मग राहिलं," म्हणाले. "मुलींना आजोळी धाडतो."

मला ते बघवेना. नळी बाहेरून तर धड दिसत होती. तेवढ्यात तिच्या तोंडाशी भाताचं एक तूस चिकटलेलं दिसलं. खोतांसमोर तोंड उघडेना, म्हणून सांगाडाच उलटा केला. नळीतून भात पडू लागलं. उंदरांनी ओंजळभर साठवलं होतं. मामांनी पुन्हा ठोकलं. टणटण.

तात्या खोत म्हणाले, "सायकल न्या. भात आमचं हाय."

*

पाऊस यायच्या आत गोविंदरावांची सगळी गावं झाली. त्याच सायकलवरून ते नारळ घेऊन आले आणि मामांच्या पुढ्यात ठेवला. "तुमच्या कानांनी माझी भाकरी राखली."

मामांनी नुसतं पागोटं सारखं केलं.

ते गेल्यावर मी धीर करून म्हणालो, "मामा, कसं ऐकायचं ते मला शिकवा की."

मामांनी हातोडी माझ्या हातात दिली. "माजे कान गेले त्याला तीन वरसं झाली रं. मानसांचं बोलनं ऐकू येतं, लोखंडाचं नाय."

"मग सांगता कसं?"

"ठोकतो, आन तुज्या तोंडाकडं बगतो."