आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात सही करताना माझी करंगळी आपोआप उडाली, म्हणून — दमल्यामुळं असेल. असेल ना?

मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. तयार माल तपासायचा, पास की फेल ते लिहायचं, खाली सही करायची. गाव तळेगाव ढमढेरे. आई लवकर गेली. घरी वडील, म्हणजे आप्पा, आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान बहीण शोभा. आप्पांनी भाजीपाला पिकवून आम्हा दोघांना वाढवलं. दारूला त्यांनी जन्मात हात लावला नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढं मी कच खाईन.

पन्नाशीच्या आतच त्यांचे हात हलू लागले. म्हाताऱ्याचं कापरं नव्हे — बोटं उगाच उघडायची, मिटायची, खांदा उडायचा, चालताना पाऊल भलतीकडंच पडायचं. बाजारच्या दिवशी लोक बघून हसायचे. पुढं जीभही जड झाली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो.

त्यांनी मला कागदावर काढून समजावलं. हंटिंग्टिन नावाचं एक प्रथिन शरीरात बनतं, ते बनवणारं एक जनुक असतं. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. सगळ्यांच्यातच येतो, पण आप्पांच्यात तो फार जास्त वेळा आलेला. त्यानं प्रथिन बिघडतं आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. थांबवायला औषध नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

"दोन."

"प्रत्येकाला हाच आजार होण्याची निम्मी शक्यता. बहिणीला घेऊन या. तपासायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं, पण तिला माहीत असायला हवं."

परतीच्या बसमध्ये मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. रिपोर्ट घरी नेलाच नाही, कंपनीच्या लॉकरमध्ये कपड्यांखाली ठेवला. घरी सांगितलं — नसांची कमजोरी आहे.

इथपर्यंत तुम्ही मला माफ कराल कदाचित. थांबा.

शोभाचं लग्न तेव्हा जमत आलं होतं. पाटसचं स्थळ, मुलगा साखर कारखान्यात, शांत स्वभावाचा. शोभाला तो आवडला होता. बोलणी पक्की करायला पाहुणे आले आणि आप्पा चहाचा ट्रे घेऊन स्वतःच बाहेर आले. मी नको म्हणत असतानाही आले — मुलीचा बाप ना! दोन पावलं नीट टाकली. तिसऱ्याला झोक गेला आणि अख्खा ट्रे पाहुण्यांच्या पायांशी आपटला.

मुलाचे वडील, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, मला ओसरीच्या कोपऱ्यात घेऊन गेले. हळूच म्हणाले, "राग मानू नका. पर तुमचं आप्पा घेत्यात का? का काई आजार हाय?"

मला दोन शब्दांत खरं सांगता आलं असतं. नसांची कमजोरी हे जुनं खोटंही चाललं असतं. पण आजार म्हटलं की कसला, कुणाकुणाला, हे आलंच. मी म्हणालो, "आजार न्हाई मामा. घेत्यात थोडी. आई गेल्यापास्नं सवय लागलीय."

मामांचा चेहरा मोकळा झाला. "मग चालायचंच. अंगात रोग न्हाई ना, झालं तर!"

मी वळलो, तर दारात आप्पा. हातात फरशी पुसायचं फडकं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे ओठ हलले — काय म्हणायचं होतं? शब्द फुटला नाही. ते खाली बसले आणि सांडलेला चहा पुसू लागले.

ती बातमी मग गावभर झाली. मी ती खोडली नाही, उलट वापरली. लग्नाच्या दिवशी आप्पांना शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी ठेवलं. शोभानं विचारलं तेव्हा म्हणालो, लोक म्हणतात, ते मळ्यात चोरून घेतात, आज सकाळीही कुणीतरी बघितलंय. ती रडत मांडवात उभी राहिली. पुढं आप्पा सहा वर्षं जगले. ती सणाला यायची, त्यांच्याशी बोलायची नाही. आपल्या दोन्ही पोरींना त्यांच्याजवळ जाऊ द्यायची नाही. आप्पा तिच्याकडं बघत राहायचे. ते माझ्यासाठी गप्प राहिले, की तिच्यासाठी? की बोलताच येत नव्हतं? मी कधी विचारलं नाही. काय विचारणार होतो?

गेल्या वर्षी शिफ्ट सुटल्यावर पाटसला गेलो होतो. शोभा धाकटीची वेणी घालत होती. तिच्या हातातला कंगवा एकदम उडाला, तिनं हसून उचलला, पुन्हा उडाला. मी चहा पिऊन निघून आलो. फोनवर म्हणालो, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. तीन महिने तेच म्हणत राहिलो. मग ती जिन्यावरून पडली.

तेव्हा मी रिपोर्ट घेऊन गेलो. तिच्या परसात बसून सगळं सांगितलं — जनुक, प्रथिन, निम्मी शक्यता, कधीपासून माहीत होतं तेही. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं कागदाची घडी घालून मांडीवर ठेवली.

"म्हंजी आप्पा पीत नव्हतं?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"न्हाई."

"मग कुनी उठवलं रं दादा हे?"

ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "लोक. लोकच म्हणायचे."

"आन् मी बी लोकांचंच ऐकलं," ती म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला.

तिची तपासणी झाली. आप्पांच्यासारखाच निकाल आला. तिच्या थोरलीला आता समजायला लागलंय, ती आईचे हात बघत असते. मी माझं रक्त दिलेलं नाही. बायको मागं लागते, मी सुट्टी नाही म्हणतो. मी भितो, एवढंच.

शोभाचा नवरा सांगतो, ती रोज सकाळी आप्पांच्या फोटोसमोर बसून त्यांची माफी मागते. मी ऐकून घेतो.